वाघोबा चार बांध वर आला

१

"देव चालला, साहेब," नवसी म्हणाली. "चार बांध वर चालला, आनि माजं शेत गिळून बसला."

मी तेव्हा बांधावर बसून टाचेतला काटा काढत होतो. मोजणीदार म्हणून चौतीस वर्षं डोंगर तुडवल्यावर माणसाला देव चालल्याचं नवल वाटत नाही. त्याला एवढंच वाटतं, की हा देवही चालू शकतो आणि माझ्या गुडघ्यांना मात्र होत नाही.

सन सहासष्टचा फाल्गुन. उमरोळी स्टेशनावर उतरून पूर्वेला तासभर पायपीट केली, की आंबेकोंडचं खोरं लागतं. खोरं म्हणजे दोन टेकड्यांमधली ओंजळभर जागा. मधून ओहोळ. ओहोळाच्या पलीकडे आंबेकोंड, कुणब्यांची तीस घरं. अलीकडे गवताचं कुरण. कुरणाच्या वर, डोंगराच्या कुशीत वारल्यांचा वरचा पाडा, सोळा झोपड्या. आंबेकोंडवाले म्हणतात खोरं ओहोळाशी संपतं, पाडेकरी म्हणतात ते ओहोळाशी सुरू होतं. कुरणाचा मालक मुंबईला राहतो, त्याला खोरं म्हणजे गवताच्या गाठी. एवढ्याशा जागेत तीन मुलूख नांदतात, आणि त्यांच्या हद्दी सरळ करायला सरकार माझ्यासारखा निवृत्तीला तीन महिने उरलेला माणूस पाठवतं.

कुरण आणि पाड्याची शेतं यांच्यातली हद्द जुन्या कागदात एका ओळीत होती : 'वाघोबाचा दगड.' किती साखळ्यांवर, कोणत्या दिशेला, काही नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचा तो मोजणीदारही माझ्यासारखाच दमला असणार. देव कुठे जातोय, असं म्हणून त्यानं साखळी गुंडाळली असेल.

आता दगडाच्या वरचं ते कुळाचं, खालचं ते कुरण. नवसी विधवा. तिच्या नवऱ्यानं, मंगळ्यानं, वीस वर्षं कसलेलं खाचर कुळकायद्यानं तिच्या नावावर लागायचं होतं. सोमवारी पालघरला सुनावणी होती. आणि गुरुवारी मी येऊन बघतो, तर वाघोबा तिच्या खाचराच्या वरच्या टोकाला उभा. म्हणजे सगळं खाचर कुरणात.

"मी दिवाळीनंतर तारापूरला गेले, बांधकामावर, माती वाहायला," नवसी सांगत होती. "परवा आले राब भाजायला. बगते तर देव हितं. जाताना तो खाली व्हता, त्या जांभळीपाशी."

तिच्यामागोमाग मी खाली गेलो. पाड्यावरून ओहोळाकडे उतरणारी पायवाट, वाटेला एक जांभळीचं झुडूप, झुडपाखाली पाल्याचा ढीग. खड्डा नाही, खूण नाही. नवसी झुडपाशी क्षणभर थबकली, फांदीशी हात गेला तिचा, मग डोळ्याला पदर लावला.

"याला साक्षीदार कोण?" मी विचारलं.

"आख्खा पाडा हाय की!"

मी पाड्यावर गेलो. सोळा झोपड्यांमधून सोळा उत्तरं मिळाली, आणि सगळी एकच.

"देव जागेवर हाय."

२

आपल्याच माणसाचं शेत बुडत असताना अख्खा पाडा खोटं का बोलतो? भीतीनं किंवा लोभानं, असं मला वाटलं. दोन्हींचा रस्ता कुरणाच्या मुकादमाकडे जात होता.

मुकादम शिवाजी धोंडे नगरकडचा. सात वर्षांपूर्वी दुष्काळाला कंटाळून इकडे आला, आता ओहोळाकाठी खोपी बांधून राहायचा, गवत कापणाऱ्या टोळ्या हाकायचा. माणूस बोलायला गोड. त्याची बायको मैनाबाई हिनं मला बाजरीची भाकरी वाढली, भातखाऊ मुलखात बाजरी कुठून आणली कोण जाणे.

"दगड तितंच हाय, साहेब, वरच्या बांधावर," तो म्हणाला. "मी आल्यापासून तितंच. म्हाताऱ्या मंगळ्यानं कुरणात अतिक्रमण केलं व्हतं. मालक भला मानूस, बोलला न्हाई."

"लिहून देशील?"

"आत्ता देतो."

आणि दिलं. खाली मोठी लफ्फेदार सही केली.

मग तो मला दगड दाखवायला निघाला. मी विचारलं, "दिवाळीनंतर तू कुठे होतास?"

"उमरोळीच्या वखारीत. पौषापतुर गाठी बांधायच्या असत्यात. माजी सगळी मानसं तितंच व्हती, वखारवाल्याला इचारा."

पायवाट चढताना तो माझ्यापुढे होता. जांभळीपाशी जरा हळू झाला, एक पान खुडलं, बोटांत फिरवलं, टाकलं आणि बोलत बोलत पुढे गेला. मी माझ्या गुडघ्यांशी भांडत होतो. दमलेल्या माणसाला समोरचंही दिसत नाही म्हणतात, ते खरं आहे.

वर पोचल्यावर धोंडे दगडाकडे हात करून म्हणाला, "बगा. हललाय असं वाटतंय का कुटं?"

मी बघितलं, आणि माझा सगळा शीण एकदम उतरला.

३

दगड कमरेइतका. त्यावर वाघ कोरलेला, वाघाच्या डोक्यावर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र. वर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर. पण मी बघत होतो खाली, पायाशी.

नवसीनं अश्विनात भात कापलं होतं. त्याची खुंटं अजून खाचरात उभी होती, लावणीच्या दोरीत सरळ. एक ओळ दगडापर्यंत येत होती आणि दगडाच्या पलीकडून पुन्हा पुढे जात होती. मी खिशातल्या चाकूनं कडेची माती उकरली. दगडाखाली चेपलेली, पिवळी, यंदाच्याच भाताची खुंटं निघाली.

"दगड इथं आधीपासून असता," मी म्हणालो, "तर मंगळ्याच्या बायकोनं त्याच्या पोटात भात लावलं कसं, मुकादम?"

धोंडेनं खुंटांकडे बघितलं. मग हसला. "असंल साहेब. वारल्यांनी सरकवला असंल. पन आदी कुटं व्हता ते कोन सांगनार? चार बांध खाली का चार बांध वर? देवाला इचारा."

नेमकं बोलला गडी. दगड कापणीनंतर हलला, एवढं सिद्ध झालं होतं. कुठून हलला, हे नाही. आणि सुनावणीत विचारणार होते कुठून तेच.

तो गेल्यावर मी दगडाभोवती पुन्हा फिरलो. हा हलवणाऱ्यानं दोर लावून ओढला असता, तर शेंदराचे पोपडे उडाले असते. एकही उडाला नव्हता. जमिनीवर फरफटीची रेघ नव्हती. म्हणजे बांबूला बांधून, खांद्यावरून, सांभाळून आणला होता, निदान आठ जणांनी. वाघाचं तोंड बरोबर डोंगराकडे होतं. बुडाशी तांदूळ होते, कोंबडीची वाळलेली पिसं होती. हे चोराचं काम नव्हतं. देव मानानं आणून बसवला होता.

आणि दगडाला टेकून एक लहान टोपली पालथी घातलेली होती. कापणीनंतर शेतात पडलेल्या लोंब्या, म्हणजे सरवा, वेचायला बायका घेतात तसली. तिला कोणी हात लावलेला दिसत नव्हता, वर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

धोंडेनं देव हलवला नव्हता, हे मला पटलं. मला ते आवडलं नाही, कारण तोच असता तर मी शुक्रवारच्या गाडीनं घरी गेलो असतो. देव पाड्यानंच हलवला होता.

पाड्यात देवाचं सगळं भगताच्या हातून होतं; मी सुका भगताच्या झोपडीकडे वळलो.

४

सुकाला मी ओळखत होतो. मागल्या साली वरच्या शिवेची मोजणी केली तेव्हा त्याच्याकडेच मुक्काम होता. त्याची लेक पारू, नवऱ्यानं टाकलेली, मोठ्या आवाजाची. तिनं मला तांदळाच्या भाकरीबरोबर खेकड्याचं कालवण वाढलं होतं आणि माझ्या साखळीला हसली होती. "जमीन मोजून काय व्हतं, राव? ती वाडते काय?" म्हणून.

आज सुकानं स्वतःच पाणी आणून दिलं. म्हातारा निम्मा झाला होता.

"पारू कुठंय?" मी विचारलं.

दारात त्याचा पुतण्या जिव्या बसला होता, त्यानं मान खाली घातली. जिव्या नवसीचा दीरही लागत होता.

"सुका," मी म्हणालो, "देव तुम्ही हलवला. मला ठाऊक आहे. का हलवला ते नको सांगू. आधी कुठं होता एवढंच सांग. नवसीचं खाचर जाईल रे. ती काय खाईल?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं बोट जिभेवर ठेवलं आणि मान हलवली.

जिव्या माझ्यामागे बाहेर आला. "साहेब, जीब बांदलेली हाय," एवढंच हळू म्हणाला. "वाघबारशीपतुर. आमा समद्यांची. बोललो तर पुन्ना…" आणि तो झोपडीत परतला. वाघबारस म्हणजे दिवाळीतली, वाघोबाच्या पूजेची. तोवर नवसीचं शेत तीनदा दुसऱ्याच्या नावावर लागलं असतं.

खाली नवसी माझी वाट बघत होती. मी तिला पारूचं विचारलं.

"गेली म्हनत्यात. मी तारापूरला व्हते. कशी गेली ते मला कोन सांगत नाय. मी नेमाला नव्हते ना." तिचा आवाज चढला. "माजेच लोक, राव! माज्या मंगळ्यानं यांच्या झोपड्या शाकारल्या. आनि आता तोंडं शिवून बसलेत. सुकाकाकाला माज्या दारात उभं नाय करनार मी!"

मला तिचा राग समजत होता. मी त्या रात्री आंबेकोंडला, पोलीस पाटील बळवंतरावांच्या ओटीवर पथारी टाकली. पाटील मनानं मोकळा, पण ओहोळाच्या पलीकडची उठाठेव नको म्हणणारा. जेवताना सहज बोलून गेला, "त्या पाड्याला यंदा साडेसातीच आहे. कार्तिकात वाघानं एक बाई नेली म्हणे. सरवा वेचत होती, वाकून. त्या विधवेच्याच खाचरात, वरच्या बांधाला. वर्दी द्यायला कोणी आलंच नाही, मग मीही गेलो नाही."

माझा घास हातातच राहिला. मला ती पालथी टोपली दिसली.

५

झोप कसली येते. पारू जिथं पडली, तिथं म्हाताऱ्यानं वाघोबा नेऊन बसवला होता. पुन्हा तिथून खाली वाघ येऊ नये म्हणून. आणि देवाची जागा मोडल्याचं तोंडानं काढायचं नाही, असा सगळ्यांनी नेम धरला होता. त्यांच्या लेखी देव राखणदार होता. तो सरकारच्या कागदात हद्दीचा दगडही आहे, हे तेव्हा त्या सोळा झोपड्यांत कोणाला ठाऊक असणार? आणि आमच्या कचेरीत तरी कोणाला ठाऊक होतं, की राखणदार गरज पडली तर जागा बदलतो?

चोर कोणी नव्हताच. एक संधीसाधू होता आणि तोंड बांधलेली सोळा घरं होती. मनात आणलं असतं, तर मी त्यांना तोंड उघडायला लावलंही असतं. सरकारी आवाज चढवला की पाडे बोलतात. पण पुढे एखाद्या बाईला वाघानं उचललं असतं, तर त्या लोकांनी माझं नाव घेतलं असतं, आणि मला ते या वयात सोसलं नसतं.

शुक्रवार विचारातच गेला. शनिवारी सकाळी मी जांभळीपासून वीस पावलांवर एका खडकावर बसून राहिलो. काही सुचत नव्हतं म्हणून बसलो, खोटं कशाला सांगू.

पाड्याच्या बाया हंडे घेऊन ओहोळाकडे निघाल्या. पहिली जांभळीपाशी आली, हात वर केला, पान तोडलं, ढिगावर टाकलं, गेली. दुसरीनंही तेच केलं. जिव्या लाकडाची मोळी घेऊन आला. एका हातानं मोळी सावरत त्यानं दुसऱ्या हातानं पान खुडलं, टाकलं, आणि पुढच्या वळणावर गाणं गुणगुणायला लागला. आपण काही केलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी उठून झुडपापाशी गेलो. जांभळीची खालची पानं शाबूत होती, हाताच्या उंचीवरच्या फांद्या तेवढ्या ओरबाडलेल्या. बकऱ्या खालून खातात, हे माणसांचं काम होतं. ढीग उकरला. वर आजची हिरवी पानं, त्याखाली कालची मऊ, मग वाळकी, मग काळी, आणि तळाशी हातभर खोल कुजून माती झालेली. त्या मातीत शेंदराचे कण होते.

रानातल्या देवापुढून जाताना पान वाहायचं, ही इथली रीत. देव उचलून नेला, खड्डा बुजवला, जिभेला गाठ मारली. पण हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. चार महिने अख्खा पाडा रिकाम्या जागेला पान वाहत होता.

जागा मला सापडली होती. मात्र हे पाड्याचे हात होते. सोमवारी मुकादम म्हणाला असता, नवसीनंच रातोरात पाला टाकला, शेंदूर शिंपडला. मला असा हात हवा होता, ज्याचा नवसीच्या खाचराशी काही संबंध नाही.

मग मला गुरुवारचा चढ आठवला, आणि माझ्या पुढे चालणारी ती पाठ.

६

दुपारी मी पोलीस पाटलांना आणि आंबेकोंडच्या दोघांना पंच म्हणून घेतलं. धोंडेला निरोप धाडला, की वरच्या दगडापाशी पंचनामा करायचा आहे, ये. तो खुशीत आला. मी सगळ्यांना त्याच्या खोपीपासून पायवाटेनं वर नेलं. त्याला म्हटलं, "तू पुढे हो, तुझी वाट आहे." पंचांना हळूच म्हटलं, "याच्या हाताकडे बघत चला. बोलू नका."

धोंडे यंदाच्या गवताचं सांगत होता. भाव कसा आहे, पुढल्या साली किती टोळ्या लागतील. जांभळी आली. तो बोलता बोलता हळू झाला. उजवा हात वर गेला. पान खुडलं, बोटांत फिरवलं आणि ढिगावर टाकलं. डाव्या पायातली वहाणही, देवापुढे काढतात तशी, जराशी सैल झाली होती.

"थांब," मी म्हणालो.

तो थांबला.

"पान कोणाला वाहिलंस, मुकादम?"

त्यानं खाली बघितलं. हाताकडे बघितलं, जसा काही तो दुसऱ्याचाच हात आहे. मग पाटलांकडे, मग माझ्याकडे. वर, चार बांध पलीकडे, वाघोबा उभा होता. धोंडेनं लिहून दिलं होतं, की देव सात वर्षं तिथंच आहे.

"सवय हाय, साहेब," तो शेवटी म्हणाला. आवाजातली सगळी साखर गेली होती. "पैल्या सालीच मैना म्हनली, वाघाच्या वाटंनं जातोस, त्याला पान देत जा. तवापास्नं… रोज…"

"सात वर्षं?"

"सात वर्षं."

"इथंच?"

त्यानं मान डोलावली. "मी देव हलवला न्हाई, साहेब. यिऊन बगितलं तर हललेला. मालकाला कळवलं, मालक म्हनला बरंच झालं. माजी ह्या मुलखात एक गुंटा जिमीन न्हाई. मुकादमकी गेली तर परत नगरला जाऊन खडी फोडायची. काय करनार मी?"

मला त्याची दया आली, आणि ती आल्याचा रागही आला. मी पंचनामा लिहिला : हद्दीची मूळ जागा जांभळीखालच्या पाल्याच्या ढिगाशी. पुरावा, थरावर थर साचलेला पाला, तळाशी शेंदूर, आणि कुरणाच्या मुकादमाचा सात वर्षांचा रोजचा रिवाज, पंचांसमक्ष. धोंडेनं खाली सही केली. या वेळी लफ्फा नव्हता. मग मी साखळी धरली आणि ढिगापासून वरच्या बांधापर्यंत मोजलं. सगळं खाचर कुळाच्या बाजूला आलं.

पाड्यातलं कोणी एक शब्द बोललं नव्हतं. कोणाला बोलावंही लागलं नव्हतं.

नवसीला सांगितलं, तेव्हा ती आधी हसली, मग वर बघून म्हणाली, "मग देव परत खाली नेनार?"

"देव राहू दे तिथंच. कागदात आता ढिगाची जागा आहे. देवाला हद्दीच्या कामातून मी सोडवलंय."

मी इतकी वर्षं कोणाला फारसं काही सांगितलं नाही, जे मोजलं ते लिहिलं. पण तिला पाटलांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. सरवा, वाकलेली पारू, वरचा बांध. मी नेमाला नव्हतो, माझी जीभ मोकळी होती.

तिनं कोयता उचलला. मग खाचर चढून गेली. मीही मागे गेलो, साखळी तिकडेच राहिली होती म्हणून. वरच्या बांधावर सुका आधीच येऊन बसला होता. तिला बघून उठायला लागला.

"बस, काका," ती म्हणाली.

तिनं कोयत्याच्या टोकानं दगडाभोवती जमिनीवर एक गोल ओढला, टोपली आत घेऊन, चांगला ऐसपैस. भाताची तीसेक खुंटं त्या गोलात आली.

"एवडा तुकडा मी नांगरनार नाय," ती सुकाला म्हणाली. "कदीच नाय."

सुकाची जीभ वाघबारशीपर्यंत बांधलेली होती. तो गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला आणि नवसी त्याच्या शेजारी बसून राहिली.

मी साखळी गुंडाळली. उमरोळीची गाडी साडेपाचची होती. उतरताना जांभळीपाशी जरा थांबलो, हाताला येईल ते पान तोडून ढिगावर टाकलं आणि चालायला लागलो.